मोती, मोहरा आणि खुर्दा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात पानिपत येथे केलेले भाषण)



या प्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली आणि विषय त्यांनी आमच्यावरच सोपविला. पानिपतात उभे राहून मराठी माणसाने इतिहासावर बोलावे, असा येथला शिरस्ता आहे. परंतु आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. बी. ए. ची पदवी पदरात पाडून घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि उभी हयात आकड्यांच्या रकान्यांत मान घालून बसलो. म्हणून आज आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे : खो-खोच्या संघाचे वेगवान आक्रमण आकड्यांनी कसे जोखावे? विषय मैदानाचा असला तरी आरंभ मात्र पानिपतापासूनच करावा लागेल.

१४ जानेवारी १७६१ रोजी या भूमीवर जे घडले, त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि रुपये-खुर्दा अशा सांकेतिक भाषेत तो हिशेब दिलेला होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. रुपये आणि खुर्दा यांची मात्र गणती नव्हती. आम्हां हिशेबनिसांना त्या पत्रातील ही शेवटची बाब नेहमी खटकत आली आहे. ज्यांची नावे मोठी, त्यांची मोजदाद झाली. ज्यांच्या बळावर फौज उभी होती, ते मोजणीबाहेर राहिले. रणातली ही रीत क्रीडांगणावरही चालते, आणि तेथे तिला रणातल्यासारखी सबबही नसते.

खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. येथे जन्मलेल्या आपल्या मुलाबाळांसाठी तो थोडक्यात सांगतो. आठ गडी दोन खांबांमधील चौकोनांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याने एकदा धरलेली दिशा बदलायची नाही आणि मधली पट्टी ओलांडायची नाही. दिशा बदलावयाची तर बसलेल्या गड्याला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ द्यायचा व त्याच्या जागी आपण बसायचे. प्रतिपक्षाचे गडी तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. पारंपरिक नियमांनुसार नऊ मिनिटांच्या पाळीत जितके गडी बाद, तितके गुण.

आता आपल्या वृत्तपत्रांतील सामन्याचे वर्णन आठवा. अमक्याने एक मिनिट चाळीस सेकंद संरक्षण केले आणि तीन गडी बाद केले. संरक्षणाचा हिशेब सेकंदापर्यंत चोख! आक्रमणाचा हिशेब मात्र एका आकड्यात संपतो, आणि तो आकडा ज्याचा हात शेवटी लागला त्याच्या नावावर पडतो. हे अपुरे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

पहिली गोष्ट, बेरीज पाहू नये. संधी किती मिळाल्या ते पाहावे. येथे बास्केटबॉलचे उदाहरण घेऊ. प्रतिपक्षाचा चेंडू हाती लागताच, त्याचे गडी सावरण्यापूर्वीच धावत जाऊन चेंडू जाळीत टाकणे, हे त्या खेळातील वेगवान आक्रमण. असे धावून खेळणाऱ्या संघाचे गुण नेहमी जास्त दिसतात. पण वेगामुळे दोन्ही बाजूंना चेंडूचा ताबा अधिक वेळा मिळतो, हे विसरून चालत नाही. समजा, एका संघाने ८० वेळा ताबा मिळवून ७२ गुण केले आणि दुसऱ्या, संथ संघाने ६० वेळा ताबा मिळवून ६० केले. फलकावर पहिला श्रेष्ठ. पण दर ताब्यामागे पहिल्याचे ०.९ आणि दुसऱ्याचा पूर्ण १ गुण पडतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी हा दर ताब्यामागचा हिशेब फार पूर्वीच अंगीकारला होता. फसलेल्या धावाही छेदात धराव्या लागतात. नाहीतर यशाचेच तेवढे कीर्तन होते.

खो-खोत अशी संधी कोणती? तुकडीतील तिसरा गडी बाद झाला की नवी तुकडी आत येते. दोन खो दिले जाण्यापूर्वी तिने आत यावेच लागते. ज्याने तिसरा गडी टिपला, त्याला नव्या तुकडीच्या मागे धावता येत नाही. त्याने खो द्यायलाच हवा. नवे गडी आपापल्या जागा घेत असतात, एखाद्याचा श्वासही स्थिरावलेला नसतो. आक्रमणाच्या वेगाची खरी परीक्षा येथे होते. म्हणून तुकड्या किती वेळा आत आल्या, हे छेदात घ्यावे; त्यांपैकी किती वेळा पहिल्या वीस सेकंदांत गडी टिपला, हे अंशात घ्यावे. शिवाय प्रत्येक गड्याला लागलेला वेळ स्वतंत्र लिहावा. नऊ मिनिटांत नऊ गडी म्हणजे सरासरी साठ सेकंद. पण सहा गडी तीन मिनिटांत आणि उरलेले तीन सहा मिनिटांत गेले असतील, तर ती सरासरी कोणालाच खरी लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट, थोडक्या सामन्यांवरून निकाल देऊ नये. एका सामन्यात तुकड्या आत येण्याचे प्रसंग असतात पाच-सहा. सहापैकी तीन आणि सहापैकी दोन यांत अंतर ते किती? एखाद्याचा पाय घसरला, एवढेच! शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत कोठून उचलले यावर सारे अवलंबून असते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. पानसे यांनी १९४० च्या दशकात शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी पीक-कापणीचे प्रयोग बसविले, ते याच तत्त्वावर. विहिरीजवळचा हिरवागार तुकडा निवडायचा नाही. कापणीची जागा यदृच्छेने, चिठ्ठी टाकल्यासारखी ठरवायची. संघाचेही तसेच आहे. जिंकलेला अंतिम सामना तेवढा डोळ्यांपुढे ठेवणे म्हणजे विहिरीजवळचे पीक कापणे. मोसमभराचे सर्व सामने हिशेबात घ्यावेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती सांगण्याचा अधिकार आम्हांला आमच्या चुकीने मिळाला आहे.

कॉलेजात असताना आम्ही खो-खोच्या संघाबरोबर असू. खेळाडू म्हणून नव्हे, कारण आमच्या पायांत वेग नव्हता. आमच्याकडे गुणलेखकाची वही असे. संघात आमचा एक मित्र होता. त्याने टिपलेले गडी मोसमात फारच थोडे. तो खांबाच्या बाजूला पळणाऱ्याला कोंडीत आणी, आणि नेमक्या क्षणी अशा गड्याला खो देई की, त्याने नुसते उठून हात लांबवावा. विद्यापीठाच्या संघासाठी नावे पाठवायची वेळ आली तेव्हा आमची वही मागविण्यात आली. आम्ही अभिमानाने बेरजा मांडून दिल्या. त्या बेरजांत आमचा मित्र तळाशी होता. त्याचे नाव गेले नाही.

ही गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. खेळाडूंसाठी नोकरीत काही जागा असतात, त्यांत खो-खोलाही स्थान आहे. पण आंतरविद्यापीठीय स्पर्धेत खेळल्याचे प्रमाणपत्र वगैरे हाती लागते. त्याच्या हाती ते नव्हते. पुढे वय उलटले आणि तो वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर बसला. पुष्कळ वर्षांनी गावी एका लग्नात भेट झाली, तेव्हा आम्ही त्या वहीचा विषय काढून दिलगिरी व्यक्त केली. तो हसून म्हणाला, “अरे, तुझ्या वहीत खो देणाऱ्याला रकानाच नव्हता. तू तरी काय लिहिणार?”

त्याने आम्हांला क्षमा केली, पण त्याचे वाक्य आम्हांला आजवर सोडीत नाही. रकाना आखणे आमच्याच हाती होते. एक उभी रेघ ओढायची होती!

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ आणि महिलांनी ७८-४० असे हरविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, म्हणून आपली छाती फुगली; आमचीही फुगली. पण ते गुण पाहताना आमच्या मनात आले की, यांतल्या प्रत्येक गड्यामागे कोणाचा तरी खो होता, आणि तो या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

आता आम्ही रविवारी सकाळी मैदानावर जातो, तेव्हा वहीत प्रत्येक बाद गड्यापुढे दोन नावे लिहितो : टिपणाऱ्याचे आणि त्याला खो देणाऱ्याचे. यानेही सर्व कळते असे नाही. ज्याने पळणाऱ्याला आधीच दमविले, तो अजून वहीबाहेरच आहे. तरीही पहिल्यापेक्षा बरे. आपल्यापैकी ज्यांची मुले शाळा-कॉलेजांत कोणताही सांघिक खेळ खेळतात, त्यांनी एवढे अवश्य करून पाहावे.

आणि जाता जाता मंडळाला एक विनंती. ही स्मरणिका निघेल, तीत अध्यक्षांची आणि चिटणीसांची छायाचित्रे येतील. ती यावयासच हवीत. परंतु पन्नास वर्षे गणेशोत्सवात ज्यांनी सतरंज्या घातल्या, आरतीनंतर ज्यांनी पातेली घासली, नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला ज्यांनी पहिल्या दिवशी घरचा डबा पोचविला, त्यांची नावे कोणत्याही इतिवृत्तात नाहीत. जुन्या मंडळींना ती अजून आठवतात. त्यांना विचारून, आठवतील तेवढी नावे, एका पानावर छापावीत. पानिपतात तरी मराठी माणसाने खुर्द्याची गणती नाही, असे पुन्हा लिहू नये.