शेवटची पोहोचली की विसावा सुरू



आम्ही अकरा जणी दर रविवारी उजाडता उजाडता वाईहून सायकली घेऊन निघतो. सायकली जाड टायरच्या, गिअरच्या. बऱ्याचशा कुणीतरी वापरलेल्या, स्वस्तात मिळालेल्या. कधी मेणवलीवरून धोमला जातो, कधी पसरणीचा घाट चढून पाचगणीला. आमच्यात कॉलेजच्या दोन मुली आहेत, शिक्षिका आहेत, आशा सेविका आहेत आणि 54 वर्षांच्या एक काकूही आहेत. सगळ्यांचा दम सारखा नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण त्यात आमचं एकदा चुकलं होतं.

वाई ते पाचगणी हे अंतर 12-13 किलोमीटर, आणि बहुतेक सगळा चढच. पहिल्यांदा गेलो तेव्हा जिला जमेल तशी ती पुढे निघाली. वर पोहोचून आम्ही चहा घेतला, फोटो काढले. काकूंची चेन घाटात उतरली होती. ती कशी बसवायची ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मागे कुणीच नव्हतं. त्या सायकल हातात धरून चालत वर आल्या. त्या दिसताच आम्ही उठलो आणि म्हणालो, "आल्या काकू, चला निघू या."

काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, "अगं, तुम्ही अर्धा तास बसता आणि मी आले की उठता. जिला विसाव्याची गरज जास्त, तिलाच तो मिळत नाही. माझी सून रविवारी एकटी भाकऱ्या थापते, म्हणून मला येता येतं. ती घरी राबणार आणि मी घाटात एकटी रडणार, मग यायचं कशाला?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. तिथेच ओसरीवर बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या.

पहिली, शेवटची पोहोचली की विसावा सुरू. तिने पाणी प्यायचं, गूळ-शेंगदाणे खायचे, आणि ती "चला" म्हणाली की मगच निघायचं.

दुसरी, सगळ्यात मागे रोज एक जाणती राहील. पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान तिच्याकडे. तिच्या मागे कुणी राहता कामा नये.

तिसरी, फाटा आला की पुढचीने थांबायचं. मागून येणारी दिसली, तिने हात केला, की मग पुढे जायचं.

चौथी, जिच्या अंगात जोर जास्त तिने चढ संपवून पुन्हा खाली यावं आणि शेवटचीबरोबर वर चढावं. त्यामुळे मुलींचाही हिरमोड होत नाही. उलट त्यांचा व्यायाम दुप्पट होतो.

काकूंचा अर्धा त्रास दमाचा नव्हताच, सायकलीचा होता. सीट फार खाली होती, म्हणून गुडघे दुखत. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. त्या मापाने सीट वर घेतली. गिअरही त्या चढ अंगावर आल्यावर, पायडलवर जोर देत असताना बदलत. चेन उतरायची त्यामुळेच. चढ लागायच्या आधीच, पाय हलके फिरत असताना बदलायचा: पुढची चकती लहान, मागची मोठी. आता चेन उतरली तरी त्या स्वतः बसवतात.

मग एकदा धोमच्या बाजूला मुरमाच्या उतारावर गंमत झाली. घाटात सगळ्यांच्या पुढे असणारी मुलगी तिथे घाबरून उतरली. काकूंचं निम्मं आयुष्य शेताच्या वाटेवर सायकल चालवण्यात गेलेलं. त्या थांबल्या, तिला म्हणाल्या, "सीटवरून जरा ऊठ, अंग मागे घे, दोन्ही पायडल सारखी ठेव. दोन्ही ब्रेक हळूहळू दाब, नुसता पुढचा करकचून दाबू नकोस, उलटशील." ती सावकाश खाली आली. त्या दिवशी शेवटची ती होती आणि खाली उभ्या राहून तिची वाट पाहणाऱ्या काकू होत्या.

म्हणून आम्ही आता "ही हळू, ती जोरात" असं म्हणत नाही. चढाला एक मागे पडते, उताराला दुसरी, आणि पाळीच्या दिवसांत तर कुणीही.

पाचगणीला जायला आम्हाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. पण गेल्या रविवारी आम्ही अकराच्या अकरा जणी एकत्र चहाला बसलो. काकूंचा कप रिकामा झाला, त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला."

तुमच्या गावात चार जणी सायकल काढणार असाल तर निघण्याआधी एवढंच ठरवा: आज मागे कोण राहणार?