अपयशानंतर पाठीवर हात हवा



परीक्षेचा निकाल लागला की पेढ्यांच्या दुकानांत गर्दी होते. गुणवंतांचे सत्कार होतात, त्यांची छायाचित्रे झळकतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी प्रत्येक गावात असेही एखादे घर असते, की जेथे संध्याकाळी कोणी मोठ्याने बोलत नाही. अनुत्तीर्ण झालेला मुलगा कोपऱ्यात बसून असतो आणि शेजाऱ्यांची चाहूल लागताच आत निघून जातो. आजचे हे विवेचन प्रामुख्याने त्या घरासाठी आहे.

नापास विद्यार्थ्याला उपदेशाची वाण कधीच पडत नाही. त्याला उणीव भासते ती जवळ बसून ऐकून घेणाऱ्या माणसाची. अशी माणसे भेटली तर काय घडू शकते, याचे उदाहरण थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रात सापडते.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. १९०४ साली कुंभकोणमच्या शाळेतून ते गणिताचे पारितोषिक मिळवून बाहेर पडले आणि शिष्यवृत्तीसह महाविद्यालयात दाखल झाले. पुढे मात्र गणितापलीकडे त्यांचे लक्ष लागेना. इतर विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली आणि १९०५ मध्ये घरी न सांगता ते विशाखापट्टणमकडे निघून गेले. त्यानंतर मद्रासच्या महाविद्यालयातून त्यांनी एफ. ए. परीक्षेचा पुन्हा प्रयत्न केला. १९०६ मध्ये अपयश आले आणि १९०७ मध्येही तेच झाले. पदवी नाही, नोकरी नाही, प्रकृती नाजूक आणि १९०९ पासून संसाराची जबाबदारी, अशी त्यांची अवस्था झाली. जवळ उरल्या होत्या त्या केवळ गणिताच्या वह्या.

त्या वह्या घेऊन १९१० साली ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे कारकुनाची जागा मागण्यास गेले. भारतीय गणित परिषदेचे संस्थापक असलेल्या अय्यर यांनी त्यांना गुणपत्रक विचारले नाही. वह्या उघडून पाहिल्या. महसूल खात्यातील कनिष्ठ जागेवर ही बुद्धी कोमेजून जाईल, असे त्यांना वाटले. त्यांनी रामानुजन यांना मद्रासमधील जाणकारांकडे पाठविले. याच परिषदेचे ग्रंथालय प्रारंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि तिच्याच नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

पुढची भेट नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याशी झाली. त्यांना प्रथम शंका होती. परंतु एका मित्राने रामानुजन यांच्यासाठी रदबदली केली, तेव्हा राव यांनी पुन्हा सर्व ऐकून घेतले. पोटापुरते मिळाले तर गणिताला वेळ देता येईल, एवढेच रामानुजन यांचे मागणे होते. राव यांनी दरमहा २५ रुपये देण्याची व्यवस्था केली. तथापि दुसऱ्यावर फार काळ भार टाकणे रामानुजन यांना रुचले नाही. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब शाखेत दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार असल्याने त्यांनी रामानुजन यांच्या कामाला आधार दिला. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र पाठविले. त्यानंतर मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, १९१४ मध्ये केंब्रिजला प्रयाण झाले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले. एफ. ए. ची परीक्षा मात्र त्यांनी कधीच उत्तीर्ण केली नाही.

प्रत्येक अनुत्तीर्ण विद्यार्थी रामानुजन होईल, असा याचा अर्थ नव्हे. त्यांची प्रतिभा असामान्य होती. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांनी जे केले ते मात्र कोणालाही करता येण्याजोगे आहे. एकाने वह्या पाहिल्या, एकाने रदबदली केली, एकाने खर्च उचलला, एकाने कामाच्या ठिकाणी सांभाळून घेतले. प्रत्येकाने आपल्या हातचे तेवढेच दिले आणि त्यातून खचलेल्या तरुणाला पुढचे पाऊल टाकता आले.

घरोघरी हेच घडावयास हवे. निकालाच्या दिवशी वडिलांनी मुलाला जेवावयास आपल्याजवळ बसवावे. दोन-चार दिवसांनी शिक्षकांनी घरी यावे आणि कोणत्या विषयात, कोणत्या प्रकरणात अडले, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे. थोरल्या बहिणीने रोज तासभर गणित घ्यावे. उत्तीर्ण झालेल्या मित्राने आपल्या वह्या द्याव्यात आणि खेळायला हाक मारणे सोडू नये. इतरांशी तुलना मात्र कोणीही करू नये.

आज वाटाही अनेक आहेत. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते. दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. गुणांविषयी शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते. मन फारच खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्या मुलाला एकटे सोडू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व अहोरात्र सल्ला मिळतो. तेथे दूरध्वनी करण्यात कमीपणा मुळीच नाही.

विद्यार्थी मित्रहो, रामानुजन आपल्या वह्या घेऊन दुसऱ्याच्या दारी गेले, म्हणूनच त्या कोणाच्या तरी दृष्टीस पडल्या. अपयश लपवून कोंडून घेऊ नका. विश्वासाच्या माणसाला जाऊन भेटा. आणि पालकहो, तो दार ठोठावील तेव्हा हातातील काम बाजूला ठेवून त्याची वही उघडून पाहा.