एक मत आणि पाठीमागची वस्ती



गेल्या बैठकीत आपल्यातल्या एका पोरीनं विचारलं होतं, महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहू का? तेव्हा कोपऱ्यातनं आवाज आला, "म्हणजे आता तूही विकली जाणार." सगळे हसले. ती गप्प बसली. तो आवाज माझा होता. म्हणून आज बोलायची जबाबदारी मीच मागून घेतलीय.

माझा राग खोटा नव्हता. आपण काय बघत वाढलो? रिपब्लिकन पक्षाचे गट झाले, गटांचे उपगट झाले, आणि निळा झेंडा लावलेल्या गाड्या साहेबांच्या बंगल्यांपुढं रांगेत उभ्या राहिल्या. राखीव जागेवरनं निवडून गेलेला आपला माणूस गावात अत्याचार झाला की मिठाची गुळणी धरून बसतो. याला कारण आहे. 1932 च्या पुणे करारानं प्रांतांच्या कायदेमंडळांत 148 जागा दिल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतला. जागा आपली, पण निवडून देणारं मत बहुसंख्याकांचं. खुद्द बाबासाहेबांना 1952 साली मुंबईत पाडलं, 1954 साली भंडाऱ्यात पाडलं. घटना लिहिणाऱ्या माणसाला लोकसभेची पायरी चढू दिली नाही. मग आमच्यासारख्या पोराला सभागृह म्हणजे सापळाच वाटणार.

पण दोस्तांनो, सापळा आहे म्हणून तिकडं बघायचंच नाही, हे काही उत्तर होत नाही. या विषयावर मला एका बाईची गोष्ट सांगायचीय. आपल्या पँथरशी तिचं दूरचं नातं लागतं.

अमेरिकेतल्या ओकलंड शहरात 1966 साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. 1972 साली मुंबईत दलित पँथर झाली, तिचं नाव तिथनंच आलं. काळी टोपी, कातडी जाकीट, हातात बंदूक, हे फोटो आपण भिंतीवर लावले. पण हीच पार्टी 1969 पासून शाळेच्या पोरांना सकाळची फुकट न्याहारी देत होती, शाळा चालवत होती, आणि या रोजच्या कामात बायका होत्या, हे त्या फोटोत दिसत नाही. त्या शहरात पँथरच्या शिक्षणकेंद्रात राबायला येणारी एक तरुण बाई होती. तिचं नाव बार्बरा ली.

1946 साली टेक्सासच्या एल पासोत तिचा जन्म. आई काळी म्हणून बाळंतपणाला दवाखान्यात घेईनात. घेतलं तेही मोठ्या मुश्किलीनं, आणि माय मरता मरता वाचली. पुढं कॅलिफोर्नियातल्या शाळेत, सामन्यांच्या वेळी पुढं उभं राहून घोषणा देणाऱ्या पोरींत काळी पोरगी चालत नव्हती. हिनं तिथल्या काळ्यांच्या संघटनेला गाठलं, नियम बदलायला लावला आणि ती पहिली काळी पोरगी झाली. नंतर लग्न मोडलं. दोन पोरं पदरात, सरकारी मदत आणि अन्नाची कुपनं यांच्यावर घर, आणि पोरांना बरोबर घेऊन ओकलंडच्या मिल्स कॉलेजात वर्गात बसायची.

आता ऐका. या कॉलेजात एका विषयासाठी कुठल्या तरी उमेदवाराच्या प्रचारात काम करायची अट होती. ही म्हणाली, नापास करा, पण यांच्यातल्या कुणासाठी मी काम करणार नाही. तिचं मतदारयादीत नावसुद्धा नव्हतं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच होती! तेवढ्यात शर्ली चिझम कॉलेजात बोलायला आल्या. 1968 साली अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेली पहिली काळी बाई, आणि 1972 साली सरळ राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेली. चिझमबाईंनी हिला सांगितलं, आधी मतदार म्हणून नाव नोंदव. हिनं नोंदवलं आणि त्यांच्याच प्रचारात उतरली. दुसऱ्याच वर्षी बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदाला उभा राहिला. नऊ उमेदवारांत तो दुसरा आला आणि शेवटच्या फेरीत पडला. त्याही प्रचारात ही होती.

नंतर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे राहिलेले काळे खासदार रॉन डेलम्स यांच्या कचेरीत तिनं अकरा वर्षं काम केलं. 1990 साली कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत गेली, मग तिथल्या सिनेटमध्ये, आणि 1998 साली डेलम्स यांच्याच जागेवर देशाच्या प्रतिनिधीगृहात. तिथं ती जानेवारी 2025 पर्यंत राहिली. राज्य आणि देश धरून 34 वर्षं. आपल्याकडं एवढी वर्षं झाली की पुतळा आणि साखर कारखाना होतो.

पण वर्षं मोजून काय करायचं? मला सांगायचीय एका रात्रीची गोष्ट.

11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमधले मनोरे पडले. तीन दिवसांनी, 14 तारखेला, संसदेपुढं ठराव आला. त्याचा अर्थ एवढाच की राष्ट्राध्यक्षाला जरूर वाटेल त्याच्यावर, वाटेल तिथं, लष्कर पाठवायची मोकळीक. मुदत नाही, देशाचं नाव नाही. सिनेटमध्ये 98 विरुद्ध शून्य. प्रतिनिधीगृहात 420 विरुद्ध एक. ते एक मत बार्बरा लीचं. आवाज कापत होता तिचा. मेलेल्यांचं दुःख तिलाही होतं. ती एवढंच म्हणाली की जरा थांबा, विचार करा. ज्या दुष्टपणाचा धिक्कार करताय, तोच आपल्या अंगात यायला नको. हे शब्द त्याच दिवशी चर्चमध्ये एका धर्मगुरूनं म्हटले होते. ऐकले सगळ्यांनी, पण मतदानात आणले फक्त हिनं.

मग देशद्रोही म्हणून शिव्या. जीवे मारायच्या धमक्या. पोलिसांचा पहारा. आणि अफगाणिस्तानातलं ते युद्ध वीस वर्षं चाललं, 2021 च्या ऑगस्टमध्ये सैन्य परत आलं. तोवर त्या एका ठरावाचं बोट धरून एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी कितीतरी देशांत लष्करी कारवाया केल्या. हिची शंका खरी निघाली.

आता मुद्द्यावर येतो. आपण म्हणू, वा रे वाघीण! पण मी नुसती तिची आरती ओवाळायला उभा नाही. एकटी बाई असं मत देऊन जगते कशी? पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, निवडणूक झाली, तेव्हा ओकलंड आणि बर्कलेच्या लोकांनी तिला 80 टक्क्यांहून जास्त मतं दिली. तिथं मुळं आधीपासनं होती. व्हिएतनामच्या वेळची चळवळ, पँथरची न्याहारी, घरोघरची मतनोंदणी. ते मत तिच्या तोंडून निघालं, पण त्याला उभं केलं वस्तीनं. आपला माणूस सभागृहात मुका होतो, कारण तो सकाळी उठून ज्याच्या दारात जातो ते दार वस्तीचं नसतं.

ती क्रांतिकारक होती असं मी म्हणत नाही. जन्मभर डेमोक्रॅटिक पक्षातच राहिली, आणि त्या पक्षाच्याही राष्ट्राध्यक्षांनी युद्धं केली. 2003 साली ज्याच्या युद्धाला नकार दिला होता, त्याच बुशच्या पक्षाच्या लोकांबरोबर बसून तिनं आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांसाठीच्या मोठ्या मदतीचा कायदा उभा करायला हातभार लावला. याला कुणी तडजोड म्हणेल. मी म्हणतो, औषध मिळून जगलेल्या माणसाला विचारा. आणि हरलीसुद्धा. 2024 साली सिनेटला उभी राहिली, प्राथमिक फेरीतच चौथी आली. पैसा दुसऱ्यांकडं जास्त होता.

तरी घरी बसली नाही. एप्रिल 2025 मध्ये ओकलंडच्या महापौरपदाची पोटनिवडणूक तिनं जिंकली. त्या शहराची पहिली काळी महिला महापौर. ज्या खुर्चीसाठी 1973 साली बॉबी सीलचा प्रचार करत ती वस्ती पिंजत होती, तीच ही खुर्ची. बावन्न वर्षं लागली.

आपल्याकडंही वस्ती मागं असली की काय होतं ते घडलंय. 1974 च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळी पेटली, भागवत जाधव शहीद झाला, आणि काँग्रेसचा उमेदवार पडला. मत न देणं हेही तेव्हा हत्यार झालं. त्याच वर्षी पँथर फुटली, आणि ते हत्यार आपल्या हातनं गळालं. म्हणजे उभं राहा किंवा बहिष्कार टाका, वस्ती बांधलेली नसेल तर दोन्ही फुसकं.

म्हणून त्या पोरीला सगळ्यांसमोर सांगतो. बाई, मी चुकलो. तू उभी राहा. पण तू विकली जाशील की नाही हे एकट्या तुझ्यावर टाकून आम्ही टाळ्या पिटणार असू, तर विकणारे आम्हीच ठरू. मतदारयादी घेऊन दारोदार जायला मी येतो. दर महिन्याला वस्तीत बसून तू हिशेब दे, आणि सभागृहात तू एकटी पडशील त्या रात्री आम्ही कुठं होतो याचा हिशेब आम्ही देऊ.

जयभीम.