न्यायाचा हिशेब कोणासमोर?



परक्या पैशावर चालणाऱ्या कामाचा हिशेब दोनदा द्यावा लागतो. पहिला हिशेब पैसा देणाऱ्याला. तो चोख असतो, वेळेवर असतो आणि बहुधा इंग्रजीत असतो. दुसरा हिशेब ज्यांच्या नावावर पैसा आला त्यांना द्यायचा असतो, आणि तोच राहून जातो. मानवी हक्क आणि न्याय यांसाठी देणगीदारांच्या निधीतून चालणाऱ्या प्रकल्पांचे 'स्वतंत्र मूल्यमापन' हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. स्वतंत्र म्हणजे कोणापासून स्वतंत्र आणि कोणाला उत्तरदायी, या प्रश्नाचा विचार करण्यास धाराशिव जिल्हा अतिशय योग्य आहे. परकीय पैसा, त्याचे अभ्यासक आणि त्याचे अहवाल हे सर्व या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे.

सास्तूरचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे काही सेकंदांत कोसळली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे घरात झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे यांखाली, सरकारी आकड्यानुसार, ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. लातूरकडील किल्लारीचे नाव जगभर गेले. धाराशिवकडील सास्तूर आणि पेठसांगवी येथील दुःख त्याहून कमी नव्हते.

पुनर्वसनासाठी जागतिक बँकेने २४ कोटी ६० लाख डॉलरचे सवलतीचे कर्ज मंजूर केले. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, २२ गावे जुन्या जागीच उभारण्यात आली, आणि राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले. या कार्यक्रमाला कोणी न्यायाचा प्रकल्प म्हटले नव्हते. परंतु सर्वस्व गमावलेल्यांना काय आणि किती द्यायचे हे ठरविणे म्हणजे न्यायनिवाडाच होय. तो निवाडा पुढीलप्रमाणे झाला. स्थलांतरित गावांत भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचे घर मिळाले. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांवरील शेतकऱ्याला ७५० चौरस फुटांचे मिळाले. भूकंपाने सर्वांना एकाच पहाटे उघड्यावर आणले होते. सातबाऱ्याने त्यांना पुन्हा आपापल्या पायरीवर नेऊन बसविले.

या निर्णयाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ज्याचे मोठे घर गेले त्याला मोठे घर देणे ही भरपाईची सर्वमान्य रीत आहे. शिवाय जो शेतमजूर कुडाच्या भिंतीत राहत होता, त्याला पक्के घर मिळाले ही लहान गोष्ट नाही. हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. परंतु येथे दोन मूल्यमापनकारांची कल्पना करावी. पहिला विचारतो : किती घरे ठरली होती, किती बांधून झाली, खर्च अंदाजात राहिला काय? त्याच्या वहीत कार्यक्रम यशस्वी ठरतो, आणि तसा तो अनेक अभ्यासकांनी गौरविलाही आहे. दुसरा विचारतो : भूकंपापूर्वी गावात जी विषमता होती ती नव्या गावात घटली की सिमेंटात पक्की झाली? अडीचशे फुटांत कडबा कोठे रचायचा, शेळी कोठे बांधायची? रुंद रस्त्यांचे, जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलेले नवे गाव शेतापासून लांब गेले असेल, तर ती रोजची पायपीट कोणाच्या मजुरीतून वजा झाली? दोघांचेही आकडे खरे असू शकतात. फरक प्रश्नांचा आहे, आणि प्रश्न कोणी ठरवायचे हाच स्वातंत्र्याचा खरा मुद्दा आहे.

याच कार्यक्रमाने दुसरा धडाही दिला. स्थलांतरित व पुनर्रचित गावांत लोकसहभागाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते, तर घरदुरुस्तीच्या गावांत ते 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे होते. त्या दुसऱ्या कामात गावच्या महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता केव्हा मिळतो, सळई कोठे घालायची, अभियंता का आला नाही, हे प्रश्न त्या विचारू लागल्या. ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्यांनीच कामावर नजर ठेवणे अशक्य असते, हा समज त्या स्त्रियांनी खोटा ठरविला. त्यांच्यापैकी अनेकींनी तोपर्यंत चारचौघांत तोंडही उघडलेले नव्हते.

जुनी परंपरा, नवा विसर

स्वतंत्र मूल्यमापन ही कल्पना परदेशातून आयात झाली असे मानण्याचे कारण नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याला अमेरिकन सरकारचे आणि फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. त्याच वर्षी नियोजन मंडळाने कार्यक्रम-मूल्यमापन संघटना स्थापन केली आणि तिची धुरा प्रा. द. गो. कर्वे या मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविली. ही संघटना कार्यक्रम राबविणाऱ्या यंत्रणेपासून वेगळी होती आणि तिचे अहवाल छापले जात. लोकांचा सहभाग अपुरा आहे, लाभ वरच्या थरात अडकतो आहे, हे ते अहवाल सांगत राहिले. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने त्याच दुखण्यावर पंचायत राज्याचा उपाय सुचविला, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. स्पष्ट बोलणाऱ्या मूल्यमापनाला राजकीय इच्छेची जोड मिळाली की काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण नर्मदेचे. सरदार सरोवरात बुडणाऱ्या महाराष्ट्रातील मणिबेलीसारख्या आदिवासी गावांनी नकार पुकारल्यानंतर जागतिक बँकेला १९९१ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. पैसा बँकेचा होता. परंतु सर्व कागद पाहण्याचा आणि अहवाल बँकेची कात्री न लागता प्रसिद्ध करण्याचा अधिकार समितीने आधीच मिळविला होता. जून १९९२ च्या अहवालाने पुनर्वसनातील उणिवा उघड केल्या, आणि मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज न घेण्याचे भारत सरकारने ठरविले. त्या अनुभवानंतर बाधित जनतेच्या तक्रारी ऐकण्यासाठी बँकेने तपासणी मंडळ स्थापण्याचा ठराव केला. त्याची तारीख २२ सप्टेंबर १९९३ ही होती, म्हणजे भूकंपापूर्वी अवघे आठ दिवस. तात्पर्य, पैसा कोणाचा यावरून मूल्यमापन आपोआप गुलाम ठरत नाही. प्रवेश, प्रकाशन आणि प्रश्न निवडण्याचा अधिकार यांवरून ते ठरते.

हक्क कसा मोजावा?

घरे मोजता येतात. हक्क मोजणे त्याहून अवघड आहे. मराठवाड्यात गायरान कसणारे दलित, पोलिसांच्या संशयात जन्मणारी पारधी कुटुंबे, आणि दरसाल कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडांकडे निघणारे मजूर यांच्यासाठी अनेक संस्थांनी दात्यांच्या साहाय्याने काम केले आहे. या कामाचे मूल्यमापन करणाऱ्यांच्या हाती बहुधा एक ठरीव चौकट असते. श्रीमंत देशांच्या विकास-साहाय्य समितीने १९९१ साली तिचे पाच निकष घातले : प्रस्तुतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम आणि टिकाऊपणा. २०१९ साली सुसंगती हा सहावा आला. निकष वाईट नाहीत. पण न्याय हा शब्द त्यांत नाही, आणि तो बाहेरून घालावा लागतो.

समजा, एका तालुक्यात प्रकल्प सुरू झाल्यावर अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यांची संख्या दुप्पट झाली. दात्याच्या तक्त्यात ही अधोगती दिसेल. प्रत्यक्षात पूर्वी जो मार गिळला जात होता, त्याची फिर्याद आता होऊ लागली असेल. हक्काच्या कामातील यशाची पहिली खूण पुष्कळदा वाईट आकड्याच्या रूपाने येते. उलट, सिद्ध झालेल्या गुन्ह्यांचे प्रमाण हाच निकष धरला, तर संस्था सोपे खटले निवडू लागेल आणि सर्वांत असहाय फिर्यादी दारातूनच परत जाईल. एखादा खटला मागे घेतला गेला तर तो समेट मानायचा की बहिष्काराचा परिणाम मानायचा? किराणा दुकानदाराने उधारी बंद केली, पिठाच्या गिरणीत दळण नाकारले गेले, हंगामात कामाला कोणी बोलावले नाही, या गोष्टी न्यायालयाच्या कागदात सापडत नाहीत. त्या वस्तीत बसून विचारल्याशिवाय कळत नाहीत.

म्हणून मूल्यमापनकाराने यंत्रणेलाही प्रश्न विचारले पाहिजेत. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. ती झाली का, आणि तिच्यात प्रलंबित प्रकरणांचे काय झाले? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. प्रकल्पाच्या वकिलामुळे तो हक्क जागा झाला, की त्याची जागा प्रकल्पाच्या वकिलाने घेतली? दुसरे खरे असेल, तर निधी संपताच न्यायही संपेल. तीन वर्षांच्या प्रकल्पाला तीन वर्षांचे मोजमाप पुरते; गायरानाच्या पट्ट्याला आणि फौजदारी खटल्याला ते पुरत नाही.

संशयाची दोन टोके

परकीय निधीवर संशय घेणारे दोन बाजूंनी बोलतात. सत्तेला त्यात कट दिसतो. परकीय देणग्यांवरील पहिला कायदा १९७६ साली, म्हणजे आणीबाणीतच, झाला हे विसरता येत नाही. २०१० च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीस परकीय निधी देण्यास बंदी झाली. अहवाल लिहिण्याचा खर्चही नियमांनी प्रशासकीय खर्चातच धरला आहे. परिणामी मोठ्या शहरांतील संस्थांकडून मिळणाऱ्या निधीवर चालणाऱ्या तालुक्याच्या लहान संस्थांचा आधार तुटला. दुसरीकडे डाव्या चळवळींची जुनी तक्रार अशी की, दात्याच्या पैशाने कार्यकर्त्याचा नोकर होतो आणि लढ्याचा प्रकल्प होतो. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु दोन्ही टोकांचा प्रश्न पैसा कोठून आला एवढाच असतो. त्याने कोणाला उत्तर दिले, हा प्रश्न दोघेही क्वचितच विचारतात.

वाचन वस्तीत व्हावे

उत्तर देण्याची रीत देशाला ठाऊक आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. मस्टर मोठ्याने वाचले गेले आणि मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी उजेडात आली. तेच तत्त्व २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमात आले आणि ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार मिळाला. कामाचा हक्क कायद्याने देण्याचा पहिला मान ज्या महाराष्ट्राकडे जातो, त्याला ही रीत परकी वाटू नये. सरकारी खडी मोजण्यास जी रीत चालते, ती देणगीतून चाललेल्या न्यायाच्या कामाला का लावू नये?

यावर एक रास्त आक्षेप आहे. गाव म्हणजे एकजीव कुटुंब नव्हे. ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे तोच ग्रामसभेत पुढे बसलेला असतो. तेथे फिर्यादीचे नाव वाचणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा संकटात लोटणे होय. म्हणून वाचन प्रथम वस्तीत, स्त्रियांच्या वेगळ्या बैठकीत आणि नावे वगळून व्हावे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहेच. ग्रामसभेत जावे ते फक्त यंत्रणेविषयीचे आणि पैशाविषयीचे निष्कर्ष.

यातून काही साध्या मागण्या निघतात. मूल्यमापनाची कार्यकक्षा मराठीत, काम सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावी. पाहणीची गावे संस्थेने निवडू नयेत. सोडून दिलेल्या गावांसह संपूर्ण यादीतून ती चिठ्ठ्या टाकून निवडावीत. मूल्यमापनकाराचे मानधन निष्कर्षांवर आणि पुढील कामाच्या आशेवर अवलंबून असू नये. पहिला मसुदा दात्याकडे जातो त्याच दिवशी त्याचा मराठी गोषवारा वस्तीत वाचला जावा आणि लोकांची असहमती त्यांच्याच शब्दांत अहवालाला जोडली जावी. शेवटची मागणी अशी की, पैसा संपल्यानंतर पाच वर्षांनी कोणीतरी परत यावे. आलेल्याने त्या फिर्यादी बाईला विचारावे की, आता दळण मिळते का, रोजगाराला हाक येते का, आणि गेल्या वेळी तुमच्याविषयी जे लिहिले गेले ते तुम्हाला कोणी वाचून दाखविले होते का.

या शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर मिळणार असेल, तर त्या मूल्यमापनाला स्वतंत्र म्हणणे हा त्या बाईवरचा आणखी एक अन्याय ठरेल.