पाटीवर पादोवा नव्हतं
(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेश प्रवासाचा अनुभव’ हा विषय दिला आणि दहा मिनिटं दिली. माझा परदेश प्रवास एकच, इटलीचा. त्यात सांगण्यासारखं काय, तर माझी चुकलेली गाडी. तेव्हा तीच सांगते. आपल्या १९८३ च्या बॅचमधल्या बऱ्याच जणांची मुलं आता बाहेर आहेत. आज ना उद्या तुम्हीही जाल, म्हणून थोडं उपयोगाचंही सांगते.

माझी मुलगी पादोवाला एम.एस्सी. करत होती. तिथलं विद्यापीठ १२२२ सालचं. गॅलिलिओ तिथे अठरा वर्षं शिकवत होता. तिकडे शेवटी प्रबंध परीक्षकांपुढे मांडायचा असतो, आणि घरच्यांना समोर बसून ऐकता येतं. मग मुलांच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालतात. मुलगी म्हणाली, “आई, तुम्ही दोघं याच.” आम्ही ठरवलं, सहल कंपनी नको, आपले आपण जाऊ. विमानाने रोम, तिथे दोन दिवस, आणि मग रेल्वेने पादोवा.

नियोजन माझ्याकडे. तुम्हाला माहीतच आहे, वर्गात वह्यांना कव्हरं घालून समासाची रेघ मारणारी मीच होते. मी दोन महिने आधी अभ्यासाला बसले. तिकडे दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत हे समजलं. लांबच्या वेगवान गाड्या, म्हणजे सरकारी कंपनीची फ्रेच्यारोसा आणि खासगी कंपनीची इतालो. यांचं तिकीट आसनासकट मिळतं. लवकर काढलं तर स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं. गाडी गेली की तिकीट गेलं. दुसऱ्या, जवळच्या गावांना जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या, आपल्या पॅसेंजरसारख्या. त्यांचं भाडं ठरलेलं, जागेचं आरक्षण नाही, आयत्या वेळी काढलं तरी चालतं.

रोमहून पादोवा वेगवान गाडीने तीन तासांच्या थोडं वर. मुलीचं सादरीकरण दुपारी बाराला. मी हिशोब केला, पहाटेची गाडी धरली तर साडेनऊला पोहोचू, हॉटेलची एक रात्र वाचेल. आमच्या ह्यांना वेळापत्रकातलं काही कळत नाही, पण ते म्हणाले, “लग्नाला आपण आदल्या दिवशी जातो ना? मग हिच्या परीक्षेला त्याच दिवशी कसं जायचं?” मी कुरकुरत आदल्या दिवशीची, सकाळी साडेदहाची गाडी घेतली.

त्या दिवशी आम्ही रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर पाऊण तास आधी हजर. समोर भला मोठा फलक. मी पादोवा शोधतेय. मिलानो आहे, तोरिनो आहे, नापोली आहे, वेनेत्सिया आहे. पादोवा नाहीच. मला वाटलं, अजून लागली नसेल. तिकडे फलाटाचा नंबर, म्हणजे ‘बिनारियो’, गाडी सुटायच्या थोडंच आधी दाखवतात हे मी वाचलेलं होतं. म्हणून निवांत उभी राहिले. हे बॅगेवर बसून केळं खात होते. दहा वीस झाले, पंचवीस झाले, तेव्हा मला घाम फुटला. एका मुलीला तिकीट दाखवलं. तिने वेनेत्सियाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि फलाटाकडे हात केला. आम्ही पळालो. ह्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा दारं बंद झालेली होती, आणि गाडी आमच्या डोळ्यांसमोर हलली.

मंडळी, मुंबईहून कराडला येताना आपण पाटीवर कराड शोधतो का? कोल्हापूरची गाडी बघतो आणि चढतो. ती साताऱ्याला थांबते, कराडला थांबते, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पादोवा वेनेत्सियाच्या वाटेवर आहे, हे तिथल्या माणसाला तसंच ठाऊक असतं. फलकावर फक्त शेवटचं स्टेशन ठळक असतं. मधली गावं बारीक अक्षरात सरकत जातात, आणि मी ठळक अक्षरांवर नजर लावून बसले होते.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. भूगोलाच्या तासाला तुम्ही नकाशावर पट्टी ठेवून म्हणायचात, “गाडी कुठे जाते ते सगळेच सांगतात. ती कुठून जाते ते सांगा.” आणि आम्ही जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर अशी घोकंपट्टी करायचो. मला तेव्हा पैकीच्या पैकी मिळाले होते. रोमला शून्य मिळालं.

खिडकीवर गेलो. जुनी तिकिटं वाया गेली. दुपारची नवी काढली ती दुपटीहून महाग, आणि आम्हा दोघांना जागा वेगवेगळ्या डब्यांत. पण खिडकीतल्या माणसाने एक चांगलं काम केलं. तिकिटावरच्या गाडीच्या नंबराभोवती पेनने गोल केला आणि तोच नंबर फलकावर दाखवला. गावाचं नाव शोधूच नका, नंबर जुळवा. एवढी साधी गोष्ट. मग मला भिंतीवरचे पिवळे कागदही दिसले. पिवळ्यावर सुटणाऱ्या गाड्या, पांढऱ्यावर येणाऱ्या. पिवळ्या कागदावर प्रत्येक गाडीची मधली स्टेशनं वेळेसकट छापलेली असतात. फिरेंझे, बोलोन्या, पादोवा, मेस्त्रे, वेनेत्सिया. मी बोट ठेवून दोनदा वाचलं.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

पहिली, गावांची नावं तिकडच्या भाषेत लिहून न्या. आपण फ्लॉरेन्स म्हणतो ते फिरेंझे, नेपल्स ते नापोली. आणि एका गावाची दोन स्टेशनं असतात. व्हेनिसचं मेस्त्रे हे जमिनीवरचं, सांता लुचिया हे पूल ओलांडून बेटावरचं. हॉटेल कुठे आहे ते बघून उतरा.

दुसरी, प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप घ्यायचा. नाही घेतला तर खिशात तिकीट असूनही दंड होऊ शकतो. फोनवरच्या तिकिटाला त्याच फोनवर नोंद करावी लागते. आम्ही मुलीबरोबर विचेन्झाला गेलो तेव्हा ह्यांनी तीन वेळा विचारलं, “छाप घेतलास का?”

तिसरी, ‘शोपेरो’ हा शब्द लक्षात ठेवा. शोपेरो म्हणजे संप. तिकडे रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. निघायच्या आठवड्यात एकदा तपासा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडतात.

चौथी, ज्या कामासाठी एवढ्या लांब जातोय, त्याच्या आदल्या दिवशी त्या गावात पोहोचा. वाचवलेली हॉटेलची रात्र फार महाग पडू शकते.

आम्ही संध्याकाळी पादोवाला पोहोचलो. मुलगी स्टेशनवर आली होती. तिला एवढंच सांगितलं की गाडी चुकली, पुढची धरली. दुसऱ्या दिवशी बाराला ती उभी राहिली, वीस मिनिटं बोलली. त्यातलं मला काही कळलं नाही. पण बोलणं संपल्यावर तिने आधी आमच्याकडे बघितलं, आणि आम्ही तिथे होतो. मुकुट घालून बाहेर आली तेव्हा ह्यांनी माझ्या कानात हळूच विचारलं, “पहाटेची गाडी पाटीवर सापडली असती का गं?”

माझी मूळ योजना काय होती, हे मुलीला अजून माहीत नाही. या भाषणाची स्मरणिका तिला पाठवणार आहे, तेव्हा कळेलच.

जेवणाची वेळ झाली.