शस्त्रक्रियेनंतरची धास्ती



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कर्करोगाचे नाव घेतले आणि ते क्षणभर गप्पच झाले. आंब्याच्या दिवसांत हा कसला विषय, असे त्यांना वाटले असावे. मी काही वैद्यकाचा पंडित नव्हे. मी एक सेवानिवृत्त गणितशिक्षक. चार वर्षांपूर्वी कर्करोगामुळे माझी प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकावी लागली, आणि आता तोच रोग पुन्हा डोके वर काढतो आहे की काय, अशी शंका उत्पन्न झाली आहे. येत्या सोमवारी मला रक्त तपासावयास द्यावयाचे आहे. तेव्हा हे बोलणे निकाल लागण्यापूर्वीचे आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते. आकाराने साधारण अक्रोडाएवढी. तिच्या पेशी एक प्रथिन तयार करतात, त्याला डॉक्टर मंडळी पीएसए म्हणतात. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. ग्रंथीच गेली म्हणजे हे प्रथिन रक्तात असण्याचे कारण उरत नाही, आणि काही आठवड्यांत त्याचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. पुढे तो चढू लागला, तर त्या जातीच्या पेशी कोठेतरी उरल्या आहेत, असा संशय घ्यावा लागतो. ‘रोग परत आला’ असे आपण म्हणतो खरे, पण बहुधा तो पुरता गेलेलाच नसतो. काही पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच घर सोडून बाहेर पडलेल्या असतात आणि त्या वेळी कोणत्याही यंत्राला त्या दिसत नाहीत. म्हणून शस्त्रवैद्याला किंवा स्वतःच्या नशिबाला बोल लावीत बसण्यात अर्थ नाही.

तीन वर्षे माझा अहवाल स्वच्छ आला. गेल्या आषाढात ०.१२ हा आकडा आला आणि माघात ०.१६. हे माप नॅनोग्रॅमचे, म्हणजे एका मिलिलिटर रक्तात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा काही अंश! चाळीस वर्षे मी मुलांना दशांश अपूर्णांक शिकवले. अर्ध्या गुणासाठी रडणाऱ्या पोरांना हसलो. आता त्याच दशांशचिन्हाच्या उजवीकडच्या आकड्याने मी रात्र रात्र जागा राहू लागलो.

माघातला तो अहवाल मी घरी कोणाला दाखविला नाही. कपाटात, धोतरांच्या घडीखाली ठेवून दिला. आठ दिवसांनी धीर करून पत्नीला सांगावयास गेलो, तर ती म्हणाली, “अहो, ते पाकीट मी पहिल्याच दिवशी वाचलंय. तुम्ही केव्हा सांगता, याचीच वाट पाहत होते.” आठ दिवस एका घरात दोन माणसे एकच भीती निरनिराळी वाहत होती! आपण दुसऱ्याला वाचविण्यासाठी गप्प बसलो, असे मला वाटत होते. खरे पाहता मी तिला एकटे पाडले होते.

मग मी डॉक्टरांकडे गेलो आणि विद्यार्थी होऊन बसलो. त्यांनी सांगितले की, शस्त्रक्रियेनंतर हा आकडा ०.२ किंवा त्याहून अधिक झाला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच निघाला, म्हणजे रोगाची पुनरावृत्ती धरतात. एकट्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. आकडा किती, यापेक्षा तो दुप्पट होण्यास किती काळ लागतो, हे महत्त्वाचे. हे मला चटकन पटले, कारण हे तर चक्रवाढ व्याज! आणि दोन बिंदूंतून रेषा काढता येते, पण तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तिसरा बिंदू पाहावा, हे मीच मुलांना सांगत आलो होतो. माझा तिसरा बिंदू सोमवारी मिळावयाचा आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १९९९ साली एक वृत्तांत प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या १,९९७ पुरुषांपैकी ३१५ जणांचा आकडा पुढे चढला. त्यांतील ज्यांना लगेच संप्रेरकांचे उपचार दिले नव्हते, त्यांच्यात आकडा चढल्यापासून रोग दूरवर पसरलेला आढळेपर्यंतच्या काळाचा मध्यक ८ वर्षे निघाला. ज्यांचा आकडा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आत चढला किंवा झपाट्याने दुप्पट झाला, त्यांना धोका अधिक. म्हणजे कागदावरचा आकडा हा शेवट नव्हे. शरीराला काही जाणवण्याच्या पुष्कळ आधी वाजलेली ती घंटा आहे, आणि ती ऐकून हालचाल करावयास बहुधा अवधी असतो.

हालचाल कोणती? जेथून ग्रंथी काढली त्या जागेवर किरणोपचार देतात. ते काही आठवडे चालतात, आणि आकडा लहान असतानाच दिले तर अधिक उपयोगी पडतात. मग शस्त्रक्रियेनंतर सर्वांनाच लगेच का देऊ नयेत? ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा व आयर्लंड येथील १,३९६ रुग्णांवर हाच प्रश्न तपासला गेला. २०२० साली निष्कर्ष आला की, नियमाने लक्ष ठेवून आकडा चढताच किरण दिले तरी सरसकट नुकसान होत नाही. उलट अनेकांची किरणांतून सुटका होते आणि लघवीचा त्रास कमी होतो. शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा नसणे म्हणजे काय, हे मी अनुभवले आहे. तो त्रास बोलण्याची लाज वाटते, म्हणून मुद्दाम येथे बोलतो. किरणांनी भागले नाही, तर संप्रेरकांचे उपचार आहेत. त्यांचा पाया शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली घातला व १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सर्व कळल्यावर भीती गेली काय? नाही. खोटे कशाला सांगू? सोमवार जवळ आला की पोटात गोळा येतोच. पण पूर्वी ती भीती बिनचेहऱ्याची होती; आता तिला आकडा आहे, मुदत आहे, पुढची पायरी आहे. मुलांनाही मी बोलावून सांगितले. वडिलांना हा रोग असला तर मुलांचा धोका सुमारे दुप्पट होतो. तेव्हा योग्य वयात त्यांनी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आज या सभेत कोणाच्या कपाटात असे एखादे पाकीट दडवून ठेवलेले असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. आज रात्री घरी गेल्यावर ते बाहेर काढा आणि आपल्या माणसापुढे ठेवा. त्याने आकडा उतरणार नाही, पण तो दोघांनी वाचलेला असेल. सोमवारी रक्त द्यावयास मी जाणार आहे, तेव्हा पत्नी बरोबर येणार आहे. पाकीट यावेळी तीच उघडणार, असे तिने मला बजावले आहे.