दप्तर, खाण आणि दवाखाना
(रेडिओवरील भाषण)



संशोधन म्हटलं की आपल्याला विद्यापीठाची इमारत आठवते. आज मी तुम्हाला अशा तीन जागी नेणार आहे, जिथे विद्यापीठ नाही. पहिली जागा भोर तालुक्यातलं कारी हे गाव आणि तिथल्या जेधे देशमुखांचं दप्तर. दुसरी कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण. तिसरी महाड, आणि तिथला एक दवाखाना. पहिल्या जागी प्रश्न इतिहासाचा होता, दुसऱ्या जागी मूलकणांचा, तिसऱ्या जागी माणसाच्या जिवाचा. पण तिन्ही ठिकाणच्या अभ्यासकांपुढे अडचण एकच होती. आपण म्हणतो ते खरोखर तसं आहे, की ते तसं असावं असं आपल्याला वाटतंय?

इतिहासापासून सुरुवात करू.

1896 च्या एप्रिलमध्ये रायगडावर शिवरायांचा उत्सव झाला. लोकमान्य टिळक त्यामागे होते. त्या काळी शिवजन्माची म्हणून जी तिथी सर्वांच्या तोंडी होती, ती होती शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया. म्हणजे 1627 सालचा एप्रिल. तिचा आधार मुख्यतः उत्तरकालीन बखरींचा. शिवाजी महाराजांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, ऐकीव माहितीवर आणि जुन्या टिपणांवर लिहिलेल्या त्या बखरी. वाचायला रसाळ, पण तारखांच्या बाबतीत बेभरवशाच्या.

पुढे कारीच्या जेध्यांकडची एक शकावली टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे सालवार नोंदी: अमुक शकात, अमुक महिन्यात, अमुक तिथीला काय घडलं. 1618 पासून 1697 पर्यंतच्या घटना तीत आहेत. भाषा कोरडी, वर्णन नाही, कौतुक नाही. आणि शिवजन्माची नोंद आहे शके 1551, फाल्गुन वद्य तृतीयेची. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. बखरीतल्या तारखेपेक्षा जवळजवळ तीन वर्षं पुढची.

आता विचार करा. ज्या उत्सवामागे टिळक उभे होते, त्याच उत्सवाची तिथी या कागदामुळे डळमळीत होत होती. तो कागद बासनात बांधून ठेवता आला असता. टिळकांनी तो 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात, आपल्या टिपांसह, छापून टाकला. पुण्यातलं हे मंडळ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1910 साली काढलं, आणि राजवाड्यांचा बाणाच तो होता: आधी अस्सल कागद जसाच्या तसा छापा, मग मतं मांडा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे त्यांचे खंड त्याच हट्टातून निघाले. कागद छापला की तो सगळ्यांचा होतो. ज्याला तुमचा निष्कर्ष पटत नाही, त्याच्याही हातात तो पडतो.

या नोंदीत आणखी एक सोय होती. तीत तिथीबरोबर वारही दिला आहे, शुक्रवार. नक्षत्रही दिलं आहे, हस्त. म्हणजे गणित करून ताडून पाहता येईल अशी ती नोंद आहे. आणि गणित केलं की 19 फेब्रुवारी 1630 या दिवशी शुक्रवारच येतो. उगाच ठोकून दिलेली तिथी असती, तर सात वारांतला नेमका बरोबर वार लागणं तसं अवघडच.

तरीही एका कागदावर इतिहास उभा राहत नाही. पुढे तंजावरला कवींद्र परमानंदांचं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य मिळालं. परमानंद महाराजांचे समकालीन. सदाशिव महादेव दिवेकरांनी संपादित केलेलं ते काव्य 1927 साली प्रसिद्ध झालं. त्यातही शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. राजस्थानातल्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तीही याच तिथीची. आता यातली मेख लक्षात घ्या. एका घरात बसून, ठरवून आलेले तीन साक्षीदार हे न्यायाधीशाच्या लेखी एकच साक्षीदार असतात. मावळातला देशमुख, तंजावरला पोचलेलं काव्य आणि मारवाडातला ज्योतिषी यांनी आपापसांत ठरवून घेण्याची शक्यता किती? म्हणूनच या तीन साक्षींना वजन आलं.

वाद मात्र मिटायला पुष्कळ वर्षं गेली. अखेर राज्य सरकारने 19 फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. आजही काही मंडळी जयंती तारखेनं करतात, काही तिथीनं. त्यात वावगं काही नाही. उत्सव कधी करायचा हे समाज ठरवतो. कागद काय सांगतो, एवढंच संशोधकानं सांगायचं.

आता कोलारला जाऊ.

आकाशातून आपल्यावर सतत कणांचा मारा होत असतो. तुम्ही आत्ता तळहात आभाळाकडे करून धरलात, तर सुमारे सेकंदाला एक म्युऑन नावाचा कण त्यातून आरपार जातो. तुम्हाला कळतही नाही. न्यूट्रिनो नावाचा कण तर याहून अबोल. तो अख्खी पृथ्वी पार करून जातो आणि वाटेत कुणाशी बोलत नाही. त्याची चाहूल घ्यायची, तर आधी म्युऑनचा गलका थांबवायला हवा. त्यासाठी डोक्यावर दोन-अडीच किलोमीटर खडक हवा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं 1950 च्या दशकापासून कोलारच्या खाणीत उपकरणं उतरवत होती. खाणकामगारांच्याच पाळण्यातून खाली जायचं, उकाड्यात काम करायचं. जसजसं खोल जावं तसतशी कणांची संख्या घटत गेली. सर्वांत खोल जागी तर दोन महिने उपकरण चालवूनही एकही कण नोंदला गेला नाही. एखाद्याला वाटलं असतं, मेहनत वाया गेली. पण या मंडळींनी त्या शून्याचा अर्थ नीट वाचला: इथे गलका संपला आहे, आता इथे न्यूट्रिनोची चाहूल घेता येईल.

मग टाटा संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरॅम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर उपकरणं बसवली. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम, मियाके, वुल्फेंडेल ही त्यातली काही नावं. युक्ती अशी होती: वरून सरळ खाली येणारा म्युऑन आकाशातून आला असण्याची थोडी तरी शक्यता उरते, पण आडवा जाणारा म्युऑन आकाशातून येऊच शकत नाही, कारण तिरक्या वाटेनं त्याला कितीतरी अधिक खडक भेदावा लागेल. तेव्हा आडवा कण दिसला, तर तो न्यूट्रिनोनं जवळच्याच खडकात निर्माण केलेला असणार. 1965 साली असे कण दिसले. वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची ही जगातली पहिली छापील नोंद; ऑगस्टमध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतून फ्रेडरिक राइन्स यांच्या गटानं हेच निरीक्षण जाहीर केलं. दोन खंड, दोन खाणी, दोन वेगळे गट, आणि उत्तर एक. तंजावर आणि कारीसारखंच.

पण कोलारची मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे, आणि ती यशाची नाही. 1970 च्या दशकात एक सिद्धांत पुढे आला, की प्रोटॉन अमर नाही. फार फार काळानं का होईना, तो मोडतो. 1980 च्या सुमारास कोलारमध्ये 140 टनांचं उपकरण उभं राहिलं: लोखंडी पत्रे आणि मधेमधे कण मोजणाऱ्या नळ्या. लवकरच काही घटना अशा नोंदल्या गेल्या की त्या प्रोटॉनच्या मृत्यूसारख्या दिसत होत्या. केवढा मोह! खरं ठरलं असतं, तर भौतिकशास्त्राची पुस्तकं नव्यानं लिहावी लागली असती. कोलारच्या गटानं त्या घटना प्रसिद्ध केल्या, पण ‘उमेदवार’ म्हणून. उमेदवार म्हणजे निवडून आलेला नव्हे.

मग अमेरिकेत आणि जपानमध्ये जमिनीखाली हजारो टन पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. प्रोटॉन कोलारच्या अंदाजाच्या वेगानं मोडत असते, तर या टाक्यांना ते सहज दिसले असते. दिसले नाहीत. आज आपण एवढं म्हणू शकतो, की सिद्धांतानं सुचवलेल्या मुख्य वाटेनं प्रोटॉन मोडत असेलच, तर त्याचं आयुष्य एकावर चौतीस शून्यं इतक्या वर्षांहून मोठं असलं पाहिजे. गंमत म्हणजे प्रोटॉनसाठी बांधलेल्या जपानच्या त्याच टाकीनं 1987 च्या फेब्रुवारीत एका फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले, आणि मासातोशी कोशिबा यांना 2002 साली नोबेल मिळालं.

मूलकणांच्या शास्त्रात म्हणूनच फार कडक नियम पडला आहे. निव्वळ योगायोगानं असं दिसण्याची शक्यता साधारण 35 लाखांत एक इतकी कमी होईपर्यंत ‘शोध लागला’ असं म्हणायचं नाही. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज कण जाहीर झाला, तेव्हा सर्न प्रयोगशाळेतल्या ॲटलस आणि सीएमएस या दोन स्वतंत्र गटांनी ही अट आपापली पुरी केली होती.

डॉक्टरला मात्र एवढी वाट पाहता येत नाही. चला महाडला.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचवाचा दंश ही तेव्हा मरणाची वार्ता होती, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. आधी ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. मग रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवत गेले. 1982 साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. विष शरीरातली रक्तवाहिन्या आवळणारी रसायनं बेसुमार सोडायला लावतं, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली. पूर्वी फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आल्याचं त्यांच्या नोंदी सांगतात.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. गावोगाव विंचू उतरवणारे होते. त्यांच्याकडे गेलेले बहुतेक लोकही बरे व्हायचेच! कारण बहुतेक दंश जिवावर बेतणारे नसतात. कळ आपोआप ओसरते आणि श्रेय मंत्राला जातं. मांत्रिक आणि डॉक्टर यांत मग फरक काय? मांत्रिक बरे झालेले मोजतो. डॉक्टरला सगळेच मोजावे लागतात, दगावलेले धरून, आणि कुणाशी तरी तुलना करावी लागते.

पुढे विंचवाचं प्रतिविष उपलब्ध झालं. प्राझोसिन पुरेसं आहे, की जोडीला प्रतिविषही द्यावं? प्राझोसिनमुळे ज्यांचं नाव झालं, त्याच बावस्करांनी, डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह, हा प्रश्न महाडच्या आपल्या दवाखान्यात कसोटीला लावला. 70 रुग्ण घेतले. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलं नाही. ते यदृच्छेनं ठरलं. नाहीतर माणूस नकळत कमी आजारी रुग्ण आपल्या आवडत्या औषधाकडे वळवतो. प्राझोसिन दोन्ही गटांना दिलं, म्हणजे कुणालाही उपचारावाचून ठेवलं नाही. एका गटाला प्रतिविष जादा. दहा तासांनी पाहिलं, तर प्रतिविषाच्या गटातले 35 पैकी 32 पूर्ण बरे होते. नुसत्या प्राझोसिनच्या गटातले 35 पैकी 8. जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो, हे प्राझोसिनवाल्यानंच आकड्यांनी दाखवलं. 2011 साली हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

श्रोतेहो, या तीन शास्त्रांत फरक मोठे आहेत. शिवजन्म पुन्हा घडवून पाहता येत नाही. इतिहासकार दुसरा कागद मिळण्याची वाट पाहतो, आणि कधीकधी तो मिळतच नाही. भौतिकशास्त्रज्ञ अधिक मोठी टाकी बांधू शकतो. डॉक्टरसमोर रुग्ण कण्हत असतो, त्याला आजच काहीतरी द्यावं लागतं, आणि देता देताच तपासावं लागतं. म्हणून पुराव्याचा एकच गज तिघांना लावून चालत नाही. इतिहासकाराकडे 35 लाखांत एकची खात्री मागणं हा अन्याय. आणि ‘आमच्या आजोबांनी सांगितलंय’ एवढ्यावर औषध देणं हा गुन्हा.

पण एक गोष्ट तिघांनाही करावी लागली. आपल्याला गैरसोयीचं उत्तर आलं तर ते लपवता येऊ नये, अशी व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली. टिळकांनी कागद छापला. कोलारकरांनी ‘उमेदवार’ हा शब्द वापरला आणि दुसऱ्यांना तपासायला वाव ठेवला. बावस्करांनी निवड स्वतःच्या हातातून काढून घेतली.

तेव्हा यापुढे कुणी तुम्हाला जुन्या काळातली नवी हकीकत सांगितली, किंवा एखाद्या औषधाचा चमत्कार ऐकवला, तर तीन गोष्टी विचारा. हे तुम्हाला कशावरून कळलं? तुमच्याशी ज्याचा काही संबंध नाही, अशा कुणाला हेच दिसलं आहे का? आणि हे चूक असतं, तर ते तुम्हाला कसं कळलं असतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुष्कळ लोक देतील. तिसऱ्या प्रश्नावर जो रागावेल, त्याचं म्हणणं तूर्त बाजूला ठेवा. जो विचारात पडेल, त्याच्याशी पुढे बोला.